‘बिगी अँड टुपाक’ : दोन खून, एक माहितीपट आणि न झालेला तपास

ओवी_सहकारनगर (धागाकर्ती)

निक ब्रूमफील्डचा ‘बिगी अँड टुपाक’ हा २००२ सालचा माहितीपट परवा पुन्हा पाहिला. तो आला तेव्हा बिगी आणि टुपाक ह्या दोन अमेरिकी रॅपरांचे खून पूर्ण अंधारात होते. आता त्यातल्या एका खुनाचा आरोपी तुरुंगात आहे, त्यामुळे फिल्म वेगळीच दिसते. इथे हिपहॉप ऐकणारे आहेत आणि गुन्हेतपासाच्या धाग्यांवर हिरिरीने लिहिणारेही आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांनी ही दोन नावं फक्त टी-शर्टवर पाहिली आहेत त्यांच्यासाठी आधी घटनाक्रम. ७ सप्टेंबर १९९६. लास व्हेगसच्या एमजीएम ग्रँडमध्ये माइक टायसनने ब्रूस सेल्डनला पहिल्याच फेरीत लोळवलं. सामना पाहून बाहेर पडताना टुपाक शकूर, डेथ रो रेकॉर्ड्‌स ह्या संगीत कंपनीचा मालक शुग नाइट आणि त्यांच्या माणसांनी हॉटेलच्या लॉबीत ऑर्लँडो अँडरसन नावाच्या तरुणाला तुडवलं. हा लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या साउथसाइड क्रिप्स टोळीतला. रात्री सव्वाअकराच्या सुमारास शुगची काळी बीएमडब्ल्यू फ्लमिंगो रोड आणि कोव्हल लेनच्या चौकात थांबली होती. शेजारी पांढरी कॅडिलॅक आली आणि आतून गोळ्या सुटल्या. टुपाकला चार लागल्या. १३ सप्टेंबरला तो गेला. वय २५.

सहा महिन्यांनी, ९ मार्च १९९७ ला, लॉस एंजेलिस. सोल ट्रेन पुरस्कारांच्या निमित्ताने पीटरसन ऑटोमोटिव्ह म्यूझियममध्ये पार्टी होती. गर्दी फार झाली म्हणून ती आवरती घ्यावी लागली. मध्यरात्र उलटून गेली होती. क्रिस्टोफर वॉलेस, म्हणजे नोटोरियस बी.आय.जी., म्हणजे बिगी, म्यूझियमपासून हाकेच्या अंतरावर सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या सीटवर होता. गडद रंगाची शेव्हरोले इम्पाला शेजारी आली. बिगी २४ वर्षांचा होता.

दोन्ही खून भर रस्त्यात. दोन्ही वेळा मागेपुढे त्यांच्याच माणसांच्या गाड्या. आणि वर्षानुवर्षं एकही अटक नाही.

ब्रूमफील्ड स्वतः माइकचा दांडा हातात धरून, कानाला हेडफोन लावून पडद्यावर वावरतो. दार वाजवतो, नकार ऐकतो, पुन्हा वाजवतो. त्याचा मुख्य साक्षीदार आहे रसेल पूल, लॉस एंजेलिस पोलिसांचा माजी डिटेक्टिव्ह. पूलचं म्हणणं होतं की बिगीच्या खुनामागे शुग नाइट होता आणि त्याला साथ होती ड्युटीबाहेरच्या वेळात डेथ रोच्या वळचणीला असलेल्या काही पोलिसांची. हा धागा धरून आपल्याला पुढे जाऊ दिलं नाही, म्हणून त्याने १९९९ मध्ये नोकरी सोडली. फिल्म त्याच्याही पुढे जाते आणि टुपाकचा खूनही शुगच्याच माथी मारते. टुपाक कंपनी सोडणार होता, तिच्याकडे त्याचे पैसे अडकले होते, असं कारण देते.

टुपाकच्या खुनाबद्दलचा हा सिद्धान्त मला आज अजिबात पटत नाही. शुग त्याच गाडीत चालकाच्या जागेवर होता, त्यालाही तुकडा लागला. सुपारी देणारा माणूस स्वतः गोळ्यांच्या रेषेत जाऊन बसत नाही. शिवाय २०२३ पासून पुढे आलेलं सगळं अँडरसन आणि त्याच्या टोळीकडेच बोट दाखवतं.

तरीही ही फिल्म मला महत्त्वाची वाटते, आणि त्याचं कारण व्होलेटा वॉलेस. बिगीची आई. जमैकाहून ब्रुकलिनला आलेली, लहान मुलांना शिकवणारी शिक्षिका. ब्रूमफील्डला ती घरात घेते, मुलाबद्दल बोलते, आणि मुलाचे गप्प बसलेले मित्र तिच्या शब्दाखातर कॅमेऱ्यासमोर येतात. पोलिसांना जे जमलं नाही ते तिच्या एका शब्दाने होतं. ह्या बाईला आपल्या मुलाला कोणी मारलं एवढंच हवं होतं. त्या काळातली वर्तमानपत्रं आणि मासिकं मात्र ‘पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा’, म्हणजे न्यूयॉर्कचे रॅपर विरुद्ध लॉस एंजेलिसचे, हीच गोष्ट सांगत राहिली. दोन किनाऱ्यांचं वैर होतं, त्यात दोघे गेले, संपलं. तपास का झाला नाही हा प्रश्न त्या वैराच्या गोष्टीखाली गाडला गेला. ब्रूमफील्डने तो उकरला. त्याचं उत्तर कुठे फसलं आणि कुठे टिकलं, ह्यावर बोलूया.

*

जुना_वॉकमन

ओवीताई, उत्तम धागा. वैराच्या गोष्टीबद्दल अगदी सहमत, त्यात भर घालतो.

१९९३ मध्ये हे दोघे मित्र होते. बिगीचा पहिला अल्बम यायचा होता, टुपाक तेव्हाच स्टार होता. लॉस एंजेलिसला आला की बिगी टुपाककडे उतरायचा, त्याच्या सोफ्यावर झोपायचा. टुपाकने त्याला आपल्या मंचावर उभं केलं. सगळं फिरलं ३० नोव्हेंबर १९९४ ला. मॅनहॅटनमध्ये क्वॉड स्टुडिओच्या लॉबीत टुपाकवर गोळ्या झाडून त्याला लुटलं. वरच्या मजल्यावर बिगी आणि त्याच्या न्यूयॉर्कच्या संगीत कंपनीचा, बॅड बॉयचा, मालक शॉन कोम्ब्स होते. ह्यांना आधीच माहीत होतं हा संशय टुपाकच्या मनात बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी तो व्हीलचेअरवरून कोर्टात गेला आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरला. तुरुंगातून त्याने मुलाखत दिली आणि संशय छापून आला. ऑक्टोबर १९९५ मध्ये शुग नाइटच्या पुढाकाराने १४ लाख डॉलरच्या जामिनावर तो सुटला, आणि सुटला तो थेट डेथ रोमध्ये.

म्हणजे पंचविशीतली दोन पोरं, एक अर्धवट गैरसमज, आणि तो पेटता ठेवण्यात फायदा असलेली बरीच प्रौढ माणसं. मासिकांनी त्यावर मुखपृष्ठं केली. १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्‌स ह्या हिपहॉप पुरस्कारांत शुगने न्यूयॉर्कच्या मंचावर उभं राहून बॅड बॉयला डिवचलं. संगीताच्या बाजूने बघणाऱ्याला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण दोघांचा हात धरेल असं त्या पिढीत कोणी नव्हतं. टुपाक बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक शिकलेला, कविता लिहिणारा. बिगीची तर श्वास घेण्याची जागासुद्धा तालात असायची. दोघांचं खरं काम पुढे व्हायचं होतं.

फिल्ममध्ये टुपाकची गाणी जवळपास नाहीतच, हे लक्षात आलं का? हक्क मिळाले नाहीत. त्यामुळे बिगी गाताना दिसतो, जिवंत वाटतो, आणि टुपाक मात्र दुसऱ्यांच्या तोंडून कळतो. त्यानेही फिल्मचा तोल एका बाजूला कलतो.

*

मितभाषी_सातारा

मी वेगळा सूर लावतो. ब्रूमफील्डने जे केलं त्याला मी तपास म्हणणार नाही.

त्याच्या साक्षीदारांची यादी काढा. एक ‘बुककीपर’ म्हणवणारा माणूस, ज्याच्यावर स्वतः तोतया वकिली केल्याचे आरोप. तो कॅमेऱ्यासमोर सांगतो की पैशांची देवाणघेवाण माझ्यासमोर झाली. एक त्या पोलिसांपैकी एकाची जुनी मैत्रीण. एक अंगरक्षक, ज्याला फोटो दाखवला जातो आणि तो म्हणतो, हाच माणूस त्या रात्री म्यूझियमबाहेर माझ्याजवळून गेला. ओळखपरेडचा साधा नियम असा की संशयिताचा फोटो सारख्या दिसणाऱ्या इतर अनेकांमध्ये मिसळून दाखवायचा, आणि दाखवणाऱ्यालाही उत्तर माहीत नसावं. उत्तर काय हवंय हे ठाऊक असलेल्या माणसाने फोटो पुढे केला की पुराव्याची किंमत संपते. पुढे कुठल्याही कोर्टात बचावाचा वकील हाच मुद्दा काढेल. म्हणजे फिल्मने एक साक्षीदार मिळवला असं वाटतं, प्रत्यक्षात तो वाया घालवला.

फिल्मने ज्यांची नावं घेतली त्या दोन पोलिसांवर बिगीच्या खुनाचा आरोप कधीही ठेवला गेला नाही आणि दोघांनी तो नाकारला आहे. ज्याचा फोटो दाखवला तो माणूस तर साधा नागरिक. वृत्तपत्रांनी एकदा त्याचं नाव संशयित म्हणून छापलं आणि आयुष्यभर ते चिकटलं. व्होलेटाबाईंचं दुःख खरं आहे. पण त्या दुःखाच्या जोरावर दुसऱ्या कोणाला खुनी ठरवता येत नाही.

*

ओवी_सहकारनगर

मितभाषी, फोटोच्या प्रसंगाबद्दल पूर्ण मान्य. तो प्रसंग पाहताना आपण थरारतो, आणि नेमकं तेच धोक्याचं आहे.

पण एक बाजू राहते. १९९७ ते २००२ ह्या पाच वर्षांत त्या अंगरक्षकाला पोलिसांनी काय विचारलं, किती वेळा विचारलं? टुपाकच्या मागच्या गाडीत याकी कडाफी होता, त्याच्याच चमूतला. मारेकऱ्याला कदाचित ओळखू शकेन असं त्याने व्हेगस पोलिसांना सांगितलं होतं. त्याला फोटो दाखवण्याआधीच नोव्हेंबर १९९६ मध्ये न्यू जर्सीत तो मारला गेला. दोन महिने होते पोलिसांकडे. साक्षीदार वाया घालवण्याचं काम कॅमेरा यायच्या आधीच झालं होतं.

*

पॅसाडेनाकर

लॉस एंजेलिस परिसरात बरीच वर्षं राहतो आहे, म्हणून पोलिसांची बाजू थोडी सविस्तर लिहितो. पूल वेडा होता की शहाणा हे ठरवायला ती लागते.

१८ मार्च १९९७. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये बिगीची अंत्ययात्रा निघाली होती, ब्रुकलिनचे रस्ते माणसांनी भरले होते. त्याच दिवशी इकडे नॉर्थ हॉलिवूडमध्ये दोन गाड्यांच्या चालकांत भांडण झालं आणि एकाने दुसऱ्याला गोळी घातली. मारणारा साध्या वेशातला पोलीस, मेलेलाही पोलीस. एकमेकांना दोघे ओळखत नव्हते. मेलेल्याचं नाव केव्हिन गेन्स. हा तपास पूलकडे आला आणि त्यात गेन्सचे संबंध शुग नाइटच्या विभक्त पत्नीशी असल्याचं निघालं. पुढे बिगीचा तपासही पूलकडेच आला. इथून त्याच्या डोक्यात दोन फायली जोडल्या गेल्या.

मग नोव्हेंबर १९९७ मध्ये डेव्हिड मॅक नावाच्या पोलिसाने बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेतून ७ लाख २२ हजार डॉलर लुटले. पोलिसाने! मॅककडे काळी इम्पाला होती, बिगीच्या शेजारी आलेल्या गाडीसारखी. त्याचा जुना सहकारी राफाएल पेरेझ १९९८ मध्ये पुराव्याच्या कोठारातून कोकेन चोरल्याबद्दल पकडला गेला. शिक्षा कमी व्हावी म्हणून त्याने तोंड उघडलं आणि पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागाचं प्रकरण बाहेर आलं: खोटे पुरावे पेरणं, निःशस्त्र माणसावर गोळी झाडून त्याच्या हाताशी बंदूक ठेवणं, खोट्या साक्षी. ७० हून अधिक पोलिसांची नावं आली, १०० हून अधिक शिक्षा रद्द झाल्या, शहराला कोट्यवधी डॉलर भरपाई मोजावी लागली.

हे सगळं पोलिसांनी रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीय माणसाला केलेल्या मारहाणीनंतर आणि १९९२ च्या दंगलीनंतर पाच-सात वर्षांत. अशा खात्यात ‘आपल्याच माणसांनी शहरातला सगळ्यात गाजलेला खून केला असेल’ ही शक्यता तपासायची कोणाची तयारी असेल? पूलचा निष्कर्ष कदाचित चुकला असेल. पण त्याला थांबवण्यामागचं कारण पुराव्याचा अभाव हे होतं असं मला वाटत नाही. खातं स्वतःच्या पायाखाली खणायला तयार नव्हतं.

पूल ह्या प्रकरणातून कधीच बाहेर पडला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये काउंटी शेरिफच्या कार्यालयात ह्याच खुनांबद्दल बोलत असताना तो कोसळला आणि गेला.

पीटरसन म्यूझियम आजही तिथेच आहे, विल्शायर आणि फेअरफॅक्सच्या कोपऱ्यावर. रस्ता प्रचंड रहदारीचा. शनिवारी रात्री तिथे पार्टीतून बाहेर पडलेली शेकडो माणसं होती, हे जागेवर उभं राहिलं की जास्त खटकतं.

*

शर्वरी_मिरज

सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण. मला एक कळत नाही. ज्याला २०२३ मध्ये अटक झाली त्याने म्हणे फार आधी पोलिसांसमोर कबुली दिली होती. मग पंधरा वर्षं तो मोकळा कसा फिरला? कोणी कायद्याचं समजावून सांगाल का?

*

वैदेही_वकील

शर्वरी, प्रयत्न करते. मी इथे नागपूरला फौजदारी खटले चालवते. अमेरिकी कायदा माझा रोजचा नाही, पण ह्या प्रकरणातले कागद आणि बातम्या आवडीने वाचल्या आहेत.

ड्वेन डेव्हिस, टोपणनाव कीफी डी. ऑर्लँडो अँडरसनचा मामा. (काही ठिकाणी काका छापतात. तो आईकडून की वडिलांकडून ह्याने खटल्यात फरक पडत नाही.) २००६ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी बिगीच्या खुनासाठी नवीन पथक नेमलं, ग्रेग केडिंग त्यात होता. कारण लक्षात घ्या: बिगीच्या कुटुंबाने शहरावर मोठा दावा लावला होता. पथकाने कीफी डीला आधी अमली पदार्थांच्या प्रकरणात अडकवलं आणि मग २००८ मध्ये समोर बसवलं. तेव्हा जो करार होतो त्याला तिकडे प्रॉफर म्हणतात. आरोपी खरं बोलेल, आणि त्या बैठकीत तो जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. पोलिसांना माहिती हवी असते, आरोपीला सूट हवी असते.

त्यांना हवी होती बिगीच्या खुनाची माहिती. कीफी डीने सांगितलं टुपाकच्या खुनाचं: मी कॅडिलॅकमध्ये पुढे होतो, बंदूक मी मागे दिली, गोळ्या मागच्या सीटवरून सुटल्या. खून नेवाडात (लास व्हेगस त्या राज्यात) झालेला आणि ऐकणारे पोलीस कॅलिफोर्नियाचे. ज्या खुनाचा तपास ते करत होते तो सुटला नाही, जो सुटल्यासारखा वाटला तो त्यांच्या हद्दीत नव्हता, आणि कबुली वापरायची नाही असं लिहून दिलेलं.

आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली मुळात पुराव्यातच येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. तिकडे ती येते, म्हणूनच असे करार लागतात.

मग फासे कसे फिरले? कीफी डी स्वतःहून बोलायला लागला. २०१८ मध्ये टीव्हीवर, २०१९ मध्ये स्वतःच्या आत्मकथनात, शिवाय यूट्यूबवर. त्या बोलण्याला कोणताच करार लागू नव्हता. जुलै २०२३ मध्ये लास व्हेगस पोलिसांनी हेंडरसनमधल्या घराची झडती घेतली आणि २९ सप्टेंबर २०२३ ला त्याला अटक झाली. खुनाच्या गुन्ह्याला तिथे मुदतीची मर्यादा नाही. त्या गाडीतले बाकीचे तिघे मरण पावलेत. अँडरसन १९९८ मध्येच कॉम्प्टनमधल्या वेगळ्या गोळीबारात गेला.

त्याने आरोप नाकबूल केला आहे. बचाव असा की पैसे आणि प्रसिद्धीसाठी तो गोष्टी सांगत होता, आणि जुन्या कराराचं संरक्षण त्याला आहेच. खटल्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. बचाव हलक्यात घेऊ नका. बंदूक नाही, कॅडिलॅक नाही, जिवंत प्रत्यक्षदर्शी जवळपास नाही. फक्त आरोपीचे शब्द, आणि तेही वेगवेगळ्या वेळी थोडे वेगवेगळे. अशा केसमध्ये सरकारी वकील म्हणून उभं राहायला मला आवडलं नसतं.

*

जुना_वॉकमन

वैदेहीताई, अप्रतिम समजावलंत.

लॉबीतल्या मारहाणीमागचंही कारण लिहून ठेवतो, कारण त्यावरून किनाऱ्यांच्या वैराची गोष्ट किती पोकळ होती ते कळतं. त्या उन्हाळ्यात लेकवूडच्या मॉलमध्ये डेथ रोच्या एका माणसाच्या गळ्यातलं कंपनीचं पदक क्रिप्सनी हिसकावलं होतं. व्हेगसमध्ये त्याच माणसाने अँडरसनला ओळखलं आणि टुपाकला सांगितलं. टुपाक धावून गेला. म्हणजे न्यूयॉर्कचा, बिगीचा, कोम्ब्सचा ह्या क्षणाशी संबंधच नाही. कॉम्प्टनच्या दोन टोळ्यांचं भांडण, त्यात गळ्यातलं एक पदक. कॉम्प्टनचे पोलीस आपापल्या खबऱ्यांकडून हे त्याच आठवड्यात ऐकत होते.

आणखी एक. लॉबीतल्या मारहाणीचं चित्रण कॅमेऱ्यात होतं. त्याच चित्रणावरून शुग नाइटचं परिवीक्षेचं (प्रोबेशनचं) उल्लंघन सिद्ध झालं आणि १९९७ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. मारहाण करणाऱ्याला शिक्षा द्यायला जे चित्रण पुरलं, तेच चित्रण खुनाचं कारण म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

*

मितभाषी_सातारा

आणि तुरुंगातला तो शेवटचा प्रसंग ह्याच शिक्षेच्या काळातला. म्यूल क्रीक तुरुंगाच्या आवारात ब्रूमफील्ड शुगला गाठतो. शुग म्हणतो, मुलांसाठी संदेश देईन, बाकी काही विचारायचं नाही. आणि खरंच हिंसेपासून दूर राहा वगैरे सांगतो. खुनांबद्दल एक नेमका प्रश्न तिथे विचारला जात नाही. धाडसाने आत शिरला हे कौतुक ठीक, हाती काय आलं?

*

पॅसाडेनाकर

मला तोच प्रसंग फिल्ममधला सगळ्यात बोलका वाटतो. तिथे आजूबाजूच्या सगळ्यांची देहबोली पाहा. कॅमेरा धरणाऱ्याची भीती चित्रात उतरली आहे, चौकट थरथरते, भलतीकडे वळते. शुग कोठडीतल्या माणसासारखा वागतच नाही. लोक का बोलत नव्हते हे प्रश्न विचारून कळलं नसतं तेवढं त्या दोन-चार मिनिटांत कळतं. हाच माणूस पुढे २०१५ मध्ये एकाला गाडीखाली चिरडल्याबद्दल २८ वर्षांसाठी आत गेला.

*

शर्वरी_मिरज

मग बिगीला कोणी मारलं? त्याचं काहीच नाही?

*

ओवी_सहकारनगर

शर्वरी, त्याबाबत आजपर्यंत एकही अटक नाही. दोन तर्क उभे आहेत.

एक पूलचा, ज्यावर ही फिल्म आहे. दुसरा केडिंगचा: टुपाकचा सूड म्हणून शुगने तुरुंगातून आपल्या मैत्रिणीमार्फत टोळीतल्या एकाला पैसे दिले आणि त्याने गोळ्या घातल्या, त्यात पोलिसांचा हात नव्हता. त्या संशयिताचा २००३ मध्ये खून झाला. म्हणजे तिथेही साक्ष द्यायला कोणी उरलं नाही. शुगने दोन्ही खुनांतला सहभाग नाकारला आहे. केडिंगचं पथक २००९ च्या सुमारास थंडावलं, त्याने निवृत्तीनंतर २०११ मध्ये पुस्तक लिहिलं.

मला केडिंगचा तर्क जास्त सरळ वाटतो. एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करू नये. केडिंग ज्या खात्यात होता त्याच्यावरच दावा चालू होता, आणि पोलिसांचा हात नसल्याचा निष्कर्ष खात्याच्या सोयीचा होता. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण बाहेरच्या कोणी तो तपासायला हवा होता. तसं कोणी केलं नाही.

*

देवेश_अंधेरी

हा धागा वाचताना १२ ऑगस्ट १९९७ सारखा आठवतोय. बिगीनंतर पाच महिन्यांनी अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार मारले गेले. आम्ही शाळेत होतो, तो दिवस परिसरात कोणी विसरलेलं नाही. तिथेही संगीताचा अफाट पैसा, खंडणी, टोळ्या, आणि उद्योगातल्या लोकांवर संशय. २००२ मध्ये सत्र न्यायालयाने १९ आरोपींपैकी एकालाच दोषी धरलं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली आणि सुटलेल्या आणखी एकाला दोषी ठरवलं. पूर्ण उत्तर मिळालं का? मला नाही वाटत. पण खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, निकाल वाचता येतो. बिगीच्या बाबतीत तेवढंही नाही.

दुसरी आठवण सिद्धू मूसेवालाची. त्याचं ‘द लास्ट राइड’ टुपाकच्या त्या शेवटच्या गाडीवरून सुचलेलं. ते आलं आणि दोनच आठवड्यांत, २९ मे २०२२ ला, तोही गाडीत गोळ्या लागून गेला. तपासाचे धागे आपल्या पुणे ग्रामीणपर्यंत आले होते, मंचरकडच्या पोरांची नावं पेपरात होती. इथल्या गावांतली पोरं पंजाबच्या टोळीसाठी काम करतात, हे वाचून तेव्हा झोप उडाली होती. टुपाकच्या मरणाला पोस्टरवरचं तेज चढवलं की ते कुठवर पोहोचतं त्याचं हे उदाहरण. म्हणून ओवीताईंनी आईपासून सुरुवात केली हे मला फार आवडलं.

*

जुना_वॉकमन

देवेश, मूसेवालाचा मुद्दा मनाला लागला.

पत्रकारांबद्दलही कोणीतरी लिहायला हवं. सप्टेंबर २००२ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने मोठी मालिका छापली. क्रिप्सनी टुपाकला मारलं आणि बंदूक व पैसे बिगीने पुरवले, असा दावा. बिगी तेव्हा न्यूयॉर्क परिसरात होता असं कुटुंबाने लगेच सांगितलं. टोळीबद्दलचा भाग आज बरोबर दिसतो, बिगीबद्दलचा भाग निराधार. मेलेल्या माणसावर मित्राच्या खुनाचा डाग लागला, आणि आईला तो पेपरात वाचावा लागला. २००८ मध्ये त्याच पेपरने क्वॉड स्टुडिओच्या हल्ल्यावर बातमी छापली, एफबीआयच्या कागदांच्या आधारे. कागद बनावट निघाले. तुरुंगातल्या एका ठकाने रचलेले. पेपरला बातमी मागे घ्यावी लागली.

ब्रूमफील्डला झोडताना हेही लक्षात ठेवूया की नावाजलेल्या वृत्तपत्राची संपादकीय चाळणीसुद्धा इथे फाटली.

*

वैदेही_वकील

मितभाषी सुरुवातीला म्हणाले की फिल्मने पुरावा वाया घालवला. फोटोपुरतं बरोबर. पण दाव्याचा इतिहास बघा.

२००२ मध्ये वॉलेस कुटुंबाने शहराविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा लावला. आधार पूलच्याच सिद्धान्ताचा. २००५ मध्ये सुनावणी चालू असताना निघालं की एका डिटेक्टिव्हच्या टेबलाच्या खणात कागद पडून होते. एका तुरुंगातल्या खबऱ्याचं म्हणणं त्यात होतं, पेरेझ आणि मॅक ह्यांचा ह्या खुनाशी संबंध जोडणारं. हे कागद वादीला द्यायला हवे होते, दिले नव्हते. न्यायाधीशांनी खटला रद्द करून नव्याने चालवायला सांगितलं आणि २००६ मध्ये शहराला वादीच्या खर्चापोटी ११ लाख डॉलर भरायला लावले. खबऱ्या विश्वासार्ह होता का, हा वेगळा प्रश्न. कदाचित अजिबात नसेल. पण तो विश्वासार्ह नसेल तर ते कोर्टात उलटतपासणीत सिद्ध करायचं असतं, खणात ठेवून नाही.

२०१० मध्ये दावा गुणवत्तेवर निकाल न होताच संपला. खात्याची जबाबदारी होती की नव्हती ह्यावर न्यायालयाचा शब्द आजही उपलब्ध नाही.

*

मितभाषी_सातारा

वैदेहीताई, खणाचा मुद्दा निर्णायक आहे. पूलच्या सिद्धान्तावर माझा विश्वास अजूनही बसत नाही, पण तो तपासला गेला नाही हे तुमच्या प्रतिसादावरून स्पष्ट होतं.

ब्रूमफील्डने २०२१ मध्ये ह्याच विषयावर दुसरी फिल्म केली, शुग नाइट आत गेल्यावर. ती पाहिली आहे का कोणी? पहिल्या फिल्ममध्ये जे घाबरून बोलले नव्हते त्यातले काही त्यात बोलले, असं वाचलं.

*

ओवी_सहकारनगर

पाहिली आहे. लोक मोकळे झाले आहेत हे खरं. डेथ रोच्या ऑफिसातलं वातावरण, मारहाण, पोलिसांचा तिथला वावर, हे आतल्या माणसांकडून कळतं. पण ब्रूमफील्ड पूलच्या सिद्धान्तालाच चिकटून राहतो आणि केडिंगने गोळा केलेल्या गोष्टींना भिडत नाही. मला तिथे तो कमी पडलेला वाटला. नव्याने बघणाऱ्यांनी आधी २००२ ची बघावी, मग कीफी डीच्या अटकेचे कागद वाचावेत, आणि दुसरी फिल्म शेवटी.

व्होलेटा वॉलेस फेब्रुवारी २०२५ मध्ये गेल्या. टुपाकची आई अफेनी २०१६ मध्येच गेली. टुपाक पोटात असताना तिने ब्लॅक पँथर ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली होती आणि सुटली होती. १९९९ च्या एमटीव्ही पुरस्कारांत ह्या दोघी एकत्र मंचावर आल्या होत्या. ज्यांच्या मुलांना जग वैरी म्हणत होतं त्या दोन आया शेजारी शेजारी उभ्या होत्या. अफेनीच्या मुलाच्या खुनात निदान कोणीतरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं. व्होलेटाबाईंनी सत्तावीस वर्षं मागणी लावून धरली आणि त्यांच्या हयातीत एकही अटक झाली नाही. बिगीची फाइल अधिकृतपणे अजून उघडी आहे, आणि कॅलिफोर्नियातही खुनाला मुदत नाही. कीफी डीच्या खटल्यात साक्षी सुरू झाल्या की ह्याच धाग्यावर लिहीन. पॅसाडेनाकर, तिकडच्या स्थानिक बातम्यांवर तुम्ही लक्ष ठेवाल का?

*

पॅसाडेनाकर

नक्की. व्हेगसचे कोर्टाचे कागद बरेचसे जाहीर असतात. वैदेहीताईंनी वाचून समजावायची तयारी दाखवली तर महत्त्वाचे अर्ज आणि आदेश मी इथे सारांशाने टाकत जाईन.